जिन्यावरून कपाट चढवताना वजन कुणाकडे जातं

घर बदलायचं ठरलं की टेम्पो केवढा लागेल याचा हिशेब सगळे करतात. जिना मोजायला मात्र सहसा कुणी टेप घेऊन जात नाही. पुण्यात कोथरूड, सहकारनगर, पर्वती अशा भागांत लिफ्ट नसलेल्या जुन्या तीन-चार मजली सोसायट्या अजून आहेत. जिना जेमतेम एक मीटरचा आणि भाडेकरार ११ महिन्यांचे. त्यामुळे तीच कपाटं आणि तेच फ्रिज पुन्हा पुन्हा जिने चढत-उतरत असतात. हे काम करताना आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट आधीच सांगतो. जिन्यावर वजन दोघांत निम्मंनिम्मं वाटलं जात नाही. खालच्या पायरीवरच्या माणसाकडे ते जास्त जातं, आणि वस्तू जितकी बुटकी आणि जाड तितकं आणखी जास्त. पुढची सगळी तयारी त्या खालच्या माणसासाठी आहे.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार निवासी इमारतीचा जिना किमान १ मीटर रुंद हवा, पायरीची उंची जास्तीत जास्त १९ सेंमी आणि पाऊल ठेवायची जागा किमान २५ सेंमी. या मापाचा जिना साधारण ३७ अंशांनी चढतो. कागदावरचा एक मीटर हातात मिळत नाही, कारण कठडा आणि त्याचा हातधरा मिळून पाच-दहा सेंमी खातात. म्हणून टेप लावायचा तो भिंतीच्या गिलाव्यापासून हातधऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत, आणि प्रत्येक मजल्यावर वेगळा. खालचा टप्पा ९४ सेंमी आणि तिसऱ्या मजल्याचा ८९ असं जुन्या बांधकामात सहज निघतं. लँडिंगवरची मीटरची पेटी, चपलांचा रॅक, तुळशीची कुंडी, भिंतीला टेकवलेली सायकल हेही मोजमापातच धरायचं. शेजाऱ्यांना आदल्या संध्याकाळी सांगितलं तर सगळे आनंदाने उचलून घेतात. वस्तू हातात असताना बेल वाजवून सांगणं कुणालाच परवडत नाही.

सरळ टप्प्यावर सहसा काही अडत नाही, अडतं ते वळणावर. दोन्हीकडची रुंदी सारखी असलेल्या काटकोनी वळणातून वस्तू आडवी नेता येईल का, ते एका साध्या हिशेबाने कळतं. जिन्याच्या मोकळ्या रुंदीला २.८३ ने गुणा आणि त्यातून वस्तूच्या जाडीची दुप्पट वजा करा. उत्तर येईल तेवढीच लांबी आडवी वळते. ९० सेंमीच्या जिन्यात ४८ सेंमी जाडीची वस्तू धरली, तर २५५ वजा ९६, म्हणजे १५९ सेंमी. साडेसहा फुटी लोखंडी कपाटाची उंची १९८ सेंमी असते, त्यामुळे ते आडवं वळणार नाही, प्रत्येक लँडिंगवर उभं करावंच लागेल. तीन आसनी सोफ्याची खोली ८५ सेंमी धरली तर उत्तर ८५च येतं, आणि सोफा दोन मीटर लांब. तोही एका टोकावर उभा करूनच वळणार. हे पाच मिनिटांचं गणित घरी बसून होतं. ते केलं नाही तर दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर चार माणसं कपाट धरून वाद घालत उभी राहतात, आणि दमलेल्या हातांनी घेतलेला निर्णय बहुधा चुकतो.

आता वजनाचं. वस्तू जिन्याच्या उताराला समांतर धरली, दोघांनी खालच्या कडेच्या दोन टोकांना हात घातले, की तिचा गुरुत्वमध्य खालच्या माणसाकडे सरकतो. खालच्याचा वाटा म्हणजे ०.५, अधिक जाडीला लांबीच्या दुपटीने भागून आलेला आकडा गुणिले चढ (पायरीची उंची भागिले पाऊल ठेवायची जागा). त्याला एकूण वजनाने गुणलं की किलो मिळतात. ३७ अंशांच्या जिन्यासाठी चढ ०.७६ धरायचा. वर सांगितलेलं कपाट ९१ सेंमी रुंद असतं. ९० सेंमीच्या जिन्यात ते पाठीवर झोपवता येत नाही, अरुंद बाजूवर कलतं करून न्यावं लागतं. मग हिशेबातली जाडी ९१ सेंमी होते आणि खालच्याकडे जवळजवळ ६८ टक्के वजन जातं. कपाट ७५ किलोचं असेल तर खाली ५१ आणि वर २४. समोरून उघडणारं वॉशिंग मशीन ८५ सेंमी उंच, ५५ सेंमी खोल आणि साधारण ६५ किलोचं. ते असं तिरपं नेलं तर पाऊण वजन, म्हणजे ४८-४९ किलो, खालच्याच्या हातात.

वरच्या माणसाला हे कधीच जाणवत नाही. त्याच्या हाताला ओझं हलकं लागतं म्हणून तो भराभर चढू पाहतो, आणि त्याच्या प्रत्येक घाईचा हिसका खाली बसतो. म्हणून चाल नेहमी खालचा माणूस ठरवतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगाराने एकट्याने वाहायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सांगितली आहे. एका हमालाच्या पाठीवर फ्रिज बांधून त्याला चार मजले चढवणं आजही अनेकांना नेहमीचं वाटतं. ते आम्ही होऊ देत नाही आणि कुणी होऊ देऊ नये. मजुरी ठरवताना मजला, वळणं आणि जड वस्तूंची यादी आधीच सांगावी, म्हणजे माणसं पुरेशी येतात. कपाटाला चार जण हवेत. दोन टोकांना दोन, तिसरा वळणावर आधार द्यायला, चौथा मोकळ्या हाताने पुढे दारं-दिवे बघायला आणि दमलेल्याची जागा घ्यायला.

जिना तयार करताना पायऱ्यांवर पुठ्ठे किंवा गोणपाट अंथरायचं नाही. फरशी वाचावी म्हणून घरमालक आग्रह धरतात, पण सुटा पुठ्ठा शहाबादीवर असा सरकतो की खालच्या माणसाच्या पायाखालून निघूनच जातो. पायरी उघडी, कोरडी आणि झाडलेली हवी. पुठ्ठा लावायचा तो भिंतीच्या कोपऱ्यांना आणि कठड्याच्या वळणाला, चिकटपट्टीने घट्ट. पायऱ्या पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटच्या असतील तर त्यांची पुढची गोल कड सर्वांत नाजूक असते. तिच्यावर कपाटाचा लोखंडी पाय टेकला तर टवका उडतोच. अशा जिन्यावर वस्तू कडेवर टेकवत न नेता विसाव्यासाठी पायरीच्या मागच्या भागावर लाकडी ठोकळा ठेवावा आणि त्यावर टेकवावी. पावसाळ्यात दारापासून पहिल्या लँडिंगपर्यंत एक माणूस फडकं घेऊन असावा. पायांत बंद बूट हवेत, चप्पल नको. हातमोजे रबरी पकडीचे घ्यावेत, कारण साधे सुती मोजे गुळगुळीत पत्र्यावर घसरतात.

हाका आधी ठरवून घ्यायच्या. ‘घे’ म्हणजे उचल, ‘टेकव’ म्हणजे जिथे आहे तिथे खाली ठेव, ‘थांब’ म्हणजे हातात धरून उभा राहा. या तीनच पुरतात. ‘जरा’, ‘अजून थोडं’, ‘इकडं’ असले शब्द वर्ज्य, कारण दोघांची तोंडं एकमेकांकडे असल्याने एकाचं इकडं ते दुसऱ्याचं तिकडं. दिशा सांगायची ती ‘भिंतीकडे’ किंवा ‘कठड्याकडे’ अशी. ‘टेकव’ कुणीही म्हणू शकतो आणि ते ऐकलं की कारण न विचारता टेकवायचं.

कपाट रिकामं म्हणजे खरोखर रिकामं हवं. कप्पे काढून वेगळे न्यायचे, लॉकरमध्ये काही राहिलं नाही ना हे मालकांनीच बघायचं. हँगरचा दांडा निघत असेल तर काढायचा, नाहीतर तो आत घरंगळत वजन इकडून तिकडे नेतो. दारं कुलूप लावून बंद करायची, किल्ली मालकांच्या खिशात. कुलपावर विसंबायचं नाही, कारण कपाट कलतं झालं की पत्रा किंचित पिळतो आणि जुनं कुलूप सुटतं. म्हणून कपाटाला वरून आणि खालून दोन फेरे पट्टा आवळायचा. तळाची पत्र्याची कड बोटं कापते. जिथे हात जाणार तिथे गोणपाटाची दुहेरी घडी करून टेपने बसवायची. गोदरेज घ्या किंवा स्थानिक कारखान्यातलं घ्या, ही कड सगळ्याच लोखंडी कपाटांना धारदार असते.

चढवताना डोकं वर आणि पाया खाली ठेवतो, म्हणजे लँडिंगवर कपाट आपल्याच पायांवर उभं राहू शकतं. शेवटच्या तीन-चार पायऱ्या राहिल्या की उभं करायला सुरुवात. वरचा माणूस लँडिंगच्या भिंतीला पाठ लावतो आणि डोक्याकडची बाजू हात बदलत बदलत वर ढकलतो. खालचा पाया एकेक पायरी वर आणतो. तिसरा कठड्याच्या बाजूने तळहाताने नुसता तोल धरतो, उचलत नाही. इथेच वरचा दिवा फुटतो. कपाट १९८ सेंमीचं असलं तरी कलत्यातून उभं होताना त्याचा कोपरा कर्णाच्या मापाने फिरतो आणि तो कर्ण २१८ सेंमी आहे. लँडिंगची तुळई, ट्यूबलाइट, केबलच्या वायरी या उंचीखाली असतील तर पाया भिंतीपासून आणखी मागे, खालच्या पायरीवर असतानाच वळवावा लागतो. ते बघणं चौथ्या माणसाचं काम.

उभं राहिलं की श्वास घ्यायचा. मग पायांखाली गोणपाट सारून ते फरशीवर अर्धा फेरा फिरवायचं. आतापर्यंत जी बाजू पायऱ्यांकडे होती तीच पुढच्या टप्प्यावरही खाली यायला हवी. लँडिंगवर दिशा उलटते, त्यामुळे फेरा दिला नाही तर दुसरी, नुसत्या रंगाची बाजू पायऱ्यांवर घासली जाते. म्हणून गोणपाट आणि पुठ्ठा एकाच बाजूला बांधून तीच बाजू कायम खाली ठेवणं सोपं. फेरा झाला की वरचा माणूस पुढच्या टप्प्याच्या चौथ्या पायरीवर जाऊन डोकं हातात घेतो, आणि कपाट त्याच्याकडे झुकवायचं. घाई इथे नको. डोकं त्याच्या हातात आल्याचं त्याने मोठ्याने सांगितल्याशिवाय खालच्याने पाया उचलायचा नाही.

दर लँडिंगला माणसं बदलायची, खालचा वर आणि वरचा खाली. खालच्या जागी सलग दोन टप्पे कुणालाच देऊ नयेत, कितीही दणकट असला तरी.

फ्रिजची गोष्ट वेगळी आहे. त्याचा कॉम्प्रेसर तळाशी मागच्या बाजूला असतो, त्यामुळे तिरपं धरल्यावर वजन हिशेबापेक्षाही जास्त खाली जातं. शिवाय कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जाऊ नये म्हणून तो ४५ अंशांपेक्षा जास्त कलंडू द्यायचा नसतो. म्हणून फ्रिज शक्यतो उभाच न्यावा. आदल्या रात्री बंद करून दार उघडं ठेवायचं, बर्फ वितळू द्यायचा. भाजीचा ट्रे, काचा, अंड्यांचे कप्पे काढून वेगळे. यानंतरही एक जागा बहुतेक जण विसरतात. मागच्या बाजूला, कॉम्प्रेसरच्या वर, वितळलेलं पाणी साठायची तबकडी असते. तीत पाणी राहिलं तर पहिल्याच टप्प्यावर फ्रिज कलताच ते पायऱ्यांवर सांडतं, बरोबर खालच्या माणसाच्या पुढ्यात. तबकडी फडक्याने टिपून कोरडी करायची. दार रुंद पट्ट्याने बांधायचं. चिकटपट्टी थेट रंगावर लावली तर काढताना रंग येतो. समोरचे फिरवायचे पाय पूर्ण आत घ्यायचे, नाहीतर पायरीला अडकून वाकतात.

जिना चढणारी ट्रॉली, म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन चाकांचा फिरता संच असलेली, फ्रिजला उत्तम. फ्रिज तिला बाजूने टेकवायचा, मागच्या जाळीने नाही. ट्रॉली वरचा माणूस ओढतो आणि खालचा फक्त सावरतो. ट्रॉली नसेल तर खांद्यावरून घ्यायचे दुहेरी पट्टे वापरतो. पट्टा फ्रिजच्या तळाखालून जातो, आणि जिन्यावर त्याची लांबी दोघांना सारखी ठेवायची नसते. वरच्याचा खांदा तळापासून लांब असतो म्हणून त्याचा पट्टा लांब, खालच्याचा आखूड. असं केलं की फ्रिज सरळ उभा राहतो आणि वजन खरोखर निम्मंनिम्मं होतं. दोन दारांचा अडीचशे लिटरचा फ्रिज ५० किलोच्या आसपास असतो. शेजारी-शेजारी दारांचा मोठा फ्रिज शंभरीच्या आसपास जातो, त्याला चारपेक्षा कमी माणसं लावूच नयेत. त्याची दारं काढायची वेळ आली तर बिजागरीतून जाणारी वायर आणि पाण्याची नळी असेल ती आधी सोडवावी लागते. ते काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावं.

फ्रिज हातातून सुटला तर काय, हे सुरुवातीलाच ठरवून ठेवतो. अडवायचा नाही. खालच्याने भिंतीकडे सरकायचं आणि जाऊ द्यायचं. म्हणून खाली कुणीही उभं राहायचं नाही, मुलं तर नाहीतच, आणि मालकांनीही नाही.

समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचा ड्रम स्प्रिंगांवर लोंबकळत असतो आणि तो हलू नये म्हणून आत काँक्रीटचे जड ठोकळे असतात. ६५ किलो होतात ते यामुळेच. नवीन मशीनबरोबर मागच्या बाजूने घालायचे ट्रान्झिट बोल्ट येतात, तीन किंवा चार. ते लावले नाहीत तर प्रत्येक पायरीच्या धक्क्याने ड्रम बाजूच्या पत्र्यावर आपटतो आणि धक्के शोषणारे दांडे निकामी होतात. घरी पोहोचून पहिल्यांदा कपडे पिळायला लावले की मशीन खोलीभर चालायला लागतं ते बरेचदा याचमुळे. बोल्ट हरवले असतील तर त्याच कंपनीच्या सेवा केंद्राकडून मागवावेत. ड्रमभोवती उशा कोंबणं हा तात्पुरता उपाय आहे आणि चार मजल्यांसाठी पुरेसा नाही. समोर खाली एक छोटं झाकण असतं, त्यामागचा फिल्टर उघडून उरलेलं पाणी ताटलीत काढायचं. पकडायचं ते तळाच्या चौकटीला. दाराला, साबणाच्या खणाला किंवा वरच्या झाकणाला हात घालायचा नाही, वरचं झाकण मागच्या दोन स्क्रूंवरच असतं आणि ते उचकटून हातात येतं. मशीन उभं ठेवून पट्ट्यांवर न्यावं, पाऊण वजनाचा प्रश्नच उरत नाही.

सोफा त्यामानाने हलका. पाय फिरवून काढले की आठ-दहा सेंमी वाचतात आणि दारातून जाणं-न जाणं तेवढ्यावरच ठरतं. लँडिंगवर उभा करायचा, कठडा कमी उंचीचा असेल तर त्यावरून उचलून पलीकडच्या टप्प्यावर देता येतो. कपाटाला हा मार्ग कधीही नको, कारण ७५ किलो छातीच्या वर उचललेल्या माणसाला पायाखालची पायरी दिसत नाही. पेटीपलंग सुटा केल्याशिवाय हलवूच नये. झाकण उचलून धरणारे गॅसचे दांडे आधी, मग फळ्या, आणि प्रत्येक सांध्यावर दोन्ही भागांना पेन्सिलीने एकच आकडा. १८ मिमीची आठ बाय चारची अखंड प्लाय ३० किलोच्या आसपास भरते. ती उभी धरून दोघांनी नेली की वळणावर फारसा त्रास होत नाही. काथ्याची गादी घडी घालून नेली तर आतला थर तुटतो आणि तिथे कायमचा खड्डा पडतो. ती कडेवर उभी करूनच चढवावी.

जिन्यातून वस्तू जातच नाही असं गणितात दिसलं, तर गॅलरीतून दोरीने वर घ्यायचा पर्याय उरतो. पलंगाच्या फळ्या, सोफा, गादी इथपर्यंत तो ठीक. ग्रिल काढावं लागतं, दोरीला कठड्याच्या कडेवर गोणपाटाचा जाड थर लागतो, वरून दोन दोऱ्या आणि खालून वस्तू भिंतीवर आपटू नये म्हणून तिसरी दोरी. गाठीमुळे दोरीची ताकद जवळपास निम्म्याने कमी होते, हे धरून दोरी घ्यावी. फ्रिज आणि लोखंडी कपाट असं वर घेऊ नये. विटांचा जुना कठडा तेवढा भार धरेल का हे बाहेरून कळत नाही.

वर पोहोचल्यावर मुख्य दाराचा जाळीचा दरवाजा बिजागरीच्या खिळ्यावरून उचलून बाजूला ठेवलेला असावा, तो चार-पाच सेंमी अडवतो. फ्रिज जागेवर ठेवला की लगेच चालू करायचा नाही. उभाच आणला असेल तर दोन-तीन तास, वाटेत आडवा झाला असेल तर रात्रभर तसाच ठेवायचा, म्हणजे तेल कॉम्प्रेसरमध्ये परत उतरतं. मागे भिंतीपासून दहा सेंमी जागा सोडायची. कपाटाचा एक पाय हवेत राहिला तर दारं नीट लागत नाहीत आणि लोक कुलपाला दोष देतात, पायाखाली पत्र्याची चकती सारली की दार आपोआप बसतं. वॉशिंग मशीनचे ट्रान्झिट बोल्ट पाणी सोडण्यापूर्वी काढायचे, भोकांना प्लास्टिकची बुचं लावायची, आणि बोल्ट पान्यासकट पिशवीत घालून मशीनच्या मागेच टांगून ठेवायचे.